विष मंत्राने उतरत नाही

"आमच्या गावात एकाला नाग चावला होता. देवरुष्याने पाला चोळला, मंत्र म्हटला आणि दोन तासांत माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला." पावसाळा लागला, सापाचा विषय निघाला की सातारा-सांगलीकडे हे वाक्य ऐकू येतंच. शिराळ्यात, पाटणला, कऱ्हाडला, तासगावला. गावाचं नाव तेवढं बदलतं. सांगणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो आणि खरी पंचाईत इथेच आहे. माणूस खरोखरच चालत घरी गेलेला असतो. मात्र तो मंत्रामुळे गेलेला नसतो. एवढी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगूनही दरवर्षी कोणीतरी पान लागलेल्या माणसाला मोटारसायकलवर मध्ये बसवून देवळाकडे नेतो, म्हणून ती आज सविस्तर सांगतो.

भारतात सापांच्या 300 च्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बहुतेक बिनविषारी. आपल्या रानात, गोठ्यात, वैरणीच्या गंजीत सापडणारे धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या, गवत्या हे सगळे माणसाच्या दृष्टीने निरुपद्रवी. जिवावर बेतणारे दंश मुख्यतः चार सापांचे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. अंधारात काय चावलं ते कोणी नीट पाहिलेलं नसतं. कवड्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे बघून तो मण्यार ठरतो, दिवड फणा नसतानाही नाग ठरते. अशा माणसाला देवरुष्याकडे नेलं काय, चावडीवर बसवून ठेवलं काय, तो बराच होणार असतो.

दुसरं असं, की विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. विष हे त्याचं भक्ष्य मारायचं साधन आहे. माणसाला चावतो तो बहुधा स्वतःच्या बचावासाठी, आणि अशा काही दंशांत विष अजिबात उतरत नाही किंवा अगदी थोडं उतरतं. दाताच्या खुणा दिसतात, रक्त येतं, माणूस भीतीने घामाघूम होतो, छाती धडधडते. भीती ओसरली की बरं वाटतं. त्या वेळी समोर कोण बसलेलं असतं, त्याला श्रेय मिळतं.

आता ज्याच्या अंगात विष गेलेलं असतं, त्याचं काय होतं? घोणस चावलेला माणूस पहिला तास-दोन तास बोलतो, पाणी मागतो, चालतोसुद्धा. पाय सुजतो, ठणकतो, पण बाकी ठीक दिसतो. आत मात्र रक्त गोठवणारे घटक संपत चाललेले असतात. पुढे हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, मग लघवी कमी होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. तेव्हा कुठे घरचे गाडी बघतात. रुग्ण उशिरा पोचतो, डायलिसिसवर जातो, कधी दगावतो. मग गावात काय म्हणतात? "देवळातून आणला तेव्हा चांगला होता, दवाखान्यात नेला आणि गेला." जे वाचणारच होते ते देवरुष्याच्या खात्यावर जमा आणि त्याच्यामुळे उशीर झालेले मृत्यू डॉक्टरच्या नावावर खर्ची! असा हिशेब पिढ्यानपिढ्या चालला, तर कुठलाही मंत्र यशस्वीच दिसेल.

कडुलिंबाच्या पाल्याची परीक्षाही याच जातीची. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे, असं समजतात. कोणी लाल तिखट चारून बघतात. सापाच्या कुठल्याही विषाने जिभेची चव अशी बदलत नाही. उलट नागाच्या विषाने गिळता येईनासं होत असेल, तर तोंडात कोंबलेला पाला श्वासनलिकेत जाऊ शकतो.

खरी परीक्षा पाहायची असेल तर ती ग्रामीण रुग्णालयात बघा. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढतात, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालतात आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवतात. मग एकदाच अलगद तिरकी करतात. रक्ताची गुठळी तळाशी घट्ट राहिली तर त्या घडीला रक्त गोठतंय. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष कामाला लागलंय आणि प्रतिसर्पविष ताबडतोब सुरू करायचं. पहिली परीक्षा चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करतात, रुग्णाला दिवसभर नजरेखाली ठेवतात, कारण विष हळूहळू पसरतं. नाग आणि मण्यारीच्या विषात रक्त पातळ होत नाही. तिथे पापण्या मिटायला लागल्या का, बोलणं जड झालं का, श्वास उथळ झाला का, हे बघावं लागतं.

मण्यारीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिचा दंश बऱ्याचदा कळतच नाही. ती रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, फारशी आग नाही, खूण सुईने टोचल्यासारखी किंवा तीही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे म्हणतात, रात्रीचं खाणं बाधलं. उजाडेपर्यंत डोळे उघडत नाहीत. "दोन दातांच्या खुणा नाहीत म्हणजे विषारी नाही" हा समज इथे जीव घेतो. रात्री खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड होणं असं दोन्ही दिसलं, तर मण्यार समजूनच दवाखाना गाठा. या विषाने माणूस इतका लुळा पडतो की मेला असं वाटतं, पण तो सगळं ऐकत असतो, आणि कृत्रिम श्वासावर ठेवला तर काही दिवसांत उठून बसतो. ते काम ताईत करू शकत नाही. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मात्र मण्यारीला बाहेर ठेवू शकते.

"हे सगळं जुनं झालं, आता कोण मरतंय सापाने?" असंही विचारतात. देशाच्या महानिबंधक कार्यालयाने नोंदवलेल्या मृत्यूंच्या आधारे 2020 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक मृत्यू खेड्यांत, घरीच झालेले.

दोरीने आवळून बांधण्याचा प्रकारही थांबवला पाहिजे. दंशाच्या वर करकचून बांधलं की विष तिथेच थांबेल असं वाटतं. प्रत्यक्षात रक्तपुरवठा तुटतो, हात-पाय काळा पडतो, कधी कापावा लागतो. आधीच कोणी बांधून ठेवलं असेल तर वाटेत एकदम सोडू नका. अडलेलं विष एका दमात अंगात पसरू शकतं. डॉक्टरांसमोर सोडू द्या. जोडवी, बांगड्या, अंगठी, कडं मात्र लगेच काढा, सुजेने ते रुततात. हाड मोडल्यावर फळी लावतात तसा हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. रुग्णाला चालवू नका, पळवू नका.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे. ब्लेडने कापून रक्त वाहू दिल्याने विष निघत नाही. रक्त गोठत नसेल तर रक्त वाहून रुग्ण मरू शकतो. तोंडाने चोखूनही निघत नाही. साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष चारही प्रमुख सापांवर चालतं, शिवाय मारायच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. लहान मुलाला औषध कमी लागतं असं नाही. साप मूल बघून विष कमी सोडत नाही, म्हणून मात्रा मोठ्या माणसाएवढीच. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊ शकते हे खरं, पण तिच्यावर उपाय असतो आणि तो दवाखान्यातच असतो. साप डूख धरत नाही, तेवढी स्मरणशक्ती त्याला नाही. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पीत नाही; कुठलाच साप दूध पीत नाही, उपाशी-तहानलेला ठेवला तरच तोंड लावतो आणि त्याने मरू शकतो.

दूध म्हटलं की नागपंचमी आली आणि बत्तीस शिराळा आला. जिवंत नागांची तिथली मिरवणूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. नाग मारू नये ही शिराळकरांची भावना मला मोलाची वाटते; उंदरांपासून धान्य राखणारा हा प्राणी आहे. पण "शिराळ्यात नाग चावला तरी विष चढत नाही" असं कोणी सांगितलं तर ते मानू नका. विषाला गावाची शीव कळत नाही.

रात्री लाइट येते म्हणून उसाला पाणी पाजायला जाणारा माणूस सर्पदंशाच्या सर्वांत जास्त धोक्यात असतो. सरीतल्या पाचटात पाय कुठे पडतोय हे दिसत नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत, जमिनीवर लेकरांना घेऊन झोपणाऱ्या बाया तशाच. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच आरोग्याचीही मागणी आहे. तोपर्यंत गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट, हातात बॅटरी आणि पुढे आपटत जायला काठी, एवढं तरी हवंच. कारखान्यांनी तोडकऱ्यांना गमबूट द्यावेत, हा खर्च त्यांना जड नाही.

अंधश्रद्धेविरुद्ध लढलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. डॉक्टर झाले मिरजेत. त्यांनी आयुष्यभर मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, 2013 साली झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेला गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. गावातल्या प्रत्येक पोलीस पाटलाला हे माहीत असायला हवं.

सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष मोफत मिळतं. 108 ची रुग्णवाहिकाही मोफत. सांगली आणि साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये, मिरजेत, कऱ्हाडच्या उपजिल्हा रुग्णालयात पुढचे उपचार होतात. पण आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या, गरज असेल तर पहिला डोस घ्या आणि मग पुढे जा. आपल्या जवळच्या केंद्रात औषध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे पावसाळ्याआधी ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लिहून घ्या. देवाला साकडं घालायचं असेल तर घरातल्या एकाने देवळात जावं. रुग्णाला घेऊन बाकीच्यांनी सरळ दवाखान्याची वाट धरावी.