कलम ३२५ आणि रुग्णवाहिकेचं दार

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात चकलांबा आहे, आणि चकलांब्याला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज मोबाइलवरून भरा नाहीतर सेतू केंद्रातून. दप्तरात नाव आहे का, हे शेवटी अशाच एखाद्या ठाण्यात बघितलं जातं. समजा, या हद्दीतल्या एका पोराला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन (ईएमटी) व्हायचंय. बारावी सायन्स झालंय, कोर्स झालाय, हृदय थांबलं तर छाती दाबून रक्त फिरतं कसं ठेवायचं ते हाताला ठाऊक आहे. पण दप्तरात त्याच्या नावापुढे आकडे निघतात: ३२५, ३२३, ५०४ सह ३४.

मराठवाड्यात हे आकडे वाचायला वकील लागत नाही. बांधावरून भांडण झालं, शिवीगाळ झाली, काठी चालली, कुणाचा तरी हात मोडला, आणि फिर्यादीत घरातले सगळे पुरुष आले. ‘सह ३४’ म्हणजे हेच, सगळ्यांनी मिळून केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनं आकडे बदलले. ३२५ चं ११७(२) झालं. बांध मात्र तिथंच आहेत.

आता या पोराचं काय? अमुक गुन्हा असेल तर रुग्णवाहिकेचं दार बंद, अशी एखादी यादी असणार असं आपण धरून चालतो. आपल्याकडची खरी गंमत वेगळीच आहे. सगळं वजन पडतं ते निकाल काय लागला आणि फॉर्ममध्ये काय लिहिलं यावर. पुढे वयस्कर मंडळींनी मध्यस्थी केली, लोकअदालतीत तडजोड झाली, कोर्टानं परवानगी दिली, तर कायद्याच्या नजरेत ती तडजोड म्हणजे निर्दोष सुटकाच. मोडलेला हात मोडलेलाच राहतो, पण पोरगा दोषी ठरत नाही.

आणि दोषी ठरला तरी? हरियाणात सार्वजनिक आरोग्य विभागातल्या एका साध्या कामगाराला कलम २९४ खाली, म्हणजे अश्लील वर्तनासाठी, वीस रुपये दंड झाला होता. वीस रुपये! तेवढ्यावर नोकरी गेली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की यात नैतिक अधःपतन नाही, माणसाला कामावर परत घ्या. हा ‘नैतिक अधःपतन’ शब्द ध्यानात ठेवावा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही तो आहे: अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर नोंदणीवर गदा येऊ शकते. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि रुग्णवाहिकेवरचे तंत्रज्ञ त्या छत्राखाली आले.

पण मला सगळ्यात चकित करतो तो २०११ चा एक निकाल. दिल्ली पोलिसांत हेडकॉन्स्टेबल होऊ पाहणारा एक तरुण. गुन्हा कोणता, तर ३२५ सह ३४, तडजोडीनं मिटलेला. म्हणजे आपल्या पोराचाच आकडा. पहिल्या अर्जात त्यानं तो लपवला, पुढच्या फॉर्ममध्ये सांगून टाकला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंनी निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ वालजाँ आणला, भाकरी चोरून जन्मभर चोर ठरलेला, आणि विशीतल्या पोरांच्या चुका पोटात घालाव्यात असं म्हणत तरुणाच्या बाजूनं निकाल दिला.

सगळे न्यायाधीश इतके मवाळ नव्हते. निकाल उलटसुलट येत गेले, म्हणून २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सगळा गुंता सोडवायला घेतला. किरकोळ गुन्हा लपवला तर नोकरी देणारा तो माफ करू शकतो. गंभीर गुन्ह्यात निव्वळ तांत्रिक कारणानं सुटलेल्याला मात्र नाकारता येतं. खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असंही नाही. आणि जे फॉर्ममध्ये स्पष्ट विचारलंच नाही, ते लपवलं असा ठपका ठेवता येत नाही. ही चौकट सरकारी नोकरीची. खासगी रुग्णवाहिकावाला आपल्या मर्जीचा मालक.

अमेरिकेत याद्या असतात. कॅलिफोर्नियात एका गंभीर गुन्ह्यानंतर तुरुंगातून सुटून निदान दहा वर्षं थांबा, दोन असतील तर ईएमटी प्रमाणपत्र विसरा, असा नियम. त्याच राज्यात कैद्यांच्या तुकड्या वणवे विझवायला डोंगरात जात होत्या, आगीच्या तोंडावर तासाला जेमतेम एक डॉलरवर. सुटल्यावर हेच काम पगारावर करायचं, तर अग्निशमन दलं बहुधा ईएमटी प्रमाणपत्र मागणार, आणि ते मिळायचं नाही! २०२० मध्ये कायदा बदलला. अशा कैद्याला सुटल्यावर कोर्टाकडून आपला दोषी ठरल्याचा निकाल रद्द करून घेण्याची वाट खुली झाली. सगळ्यात गंभीर गुन्हे वगळून.

त्याहून अजब गोष्ट १९६७ ची, पिट्सबर्गची. सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून जीव वाचवण्याच्या पद्धतीचे, जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. पीटर सफार यांनी तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतली तरुण मंडळी निवडली. कुणी बेकार, कुणी शाळा सोडलेला, काहींवर गुन्ह्यांची नोंद. त्यांना महिनोन्‌महिने शिकवून ‘फ्रीडम हाउस’ची रुग्णवाहिका रस्त्यावर आली. तोवर बऱ्याच ठिकाणी रुग्ण पोलिसांच्या नाहीतर मयत नेणाऱ्या गाडीतून जायचा. आज ज्याला पॅरामेडिक म्हणतात, त्या पहिल्या माणसांत हे होते. नंतरच्या नियमांच्या चाळणीत त्यांतले किती उरले असते?

चकलांब्याच्या पोरासाठी अजून एक कलम. गुन्ह्याच्या वेळी तो अठराच्या आत असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ त्याला अपात्र ठरू देत नाही. ज्यांचा खटला प्रौढ म्हणून चालला, असे सोळा-सतरा वर्षांचे काही मोजके सोडून. अठरानंतरचं असेल, तर ‘गुन्हा दाखल आहे का?’ या रकान्यात ‘हो’ लिहायचं आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोडायची. ती कोर्टाच्या नक्कल विभागात, अर्ज आणि फी भरून मिळते.