नागपूर–सातपुडा सायकलमार्ग

नागपूर–सातपुडा सायकलमार्ग : नागपूर शहरापासून उत्तरेस व वायव्येस सातपुडा पर्वताच्या पठारावर चढणारे, तसेच कन्हान, पेंच व वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणारे, लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासास उपयुक्त असे रस्ते. हे खास सायकलींसाठी बांधलेले मार्ग नव्हेत. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि त्यांना जोडणारे जिल्हा रस्ते मिळून ते बनलेले आहेत. महाराष्ट्रातील नागपूर जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातील पांढुर्णा (स्थापना २०२३), छिंदवाडा, सिवनी व बैतूल या जिल्ह्यांत त्यांचा विस्तार आहे.

प्राकृतिक पार्श्वभूमी : नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर आहे. सातपुड्याच्या पठारावरील सिवनी सु. ६१० मी., छिंदवाडा सु. ६७५ मी. व मुलताई सु. ७५० मी. उंचीवर आहे. ही तीनही गावे नागपूरपासून साधारणपणे १२५ ते १३५ कि.मी. अंतरावर असल्याने सरासरी चढ कि.मी.ला तीन मीटरांच्या आसपास भरतो. ही सरासरी मात्र फसवी आहे. नागपूरपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता नदीखोऱ्यांच्या सपाटीवरून जातो व त्याचा चढ सायकलस्वाराला जाणवतही नाही. पुढे पठाराच्या कड्याशी येताच उरलेल्या उंचीचा मोठा भाग थोड्या अंतरात चढावा लागतो. पायथ्याकडील प्रदेशात अतिप्राचीन पट्टिताश्म व सुभाजा हे खडक उघडे पडले आहेत. सौंसर गावावरून भूविज्ञानात ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या गटात मँगॅनिजाची धातुके आढळतात व रामटेकजवळील मनसर येथील खाण त्याच पट्ट्यात आहे. पठाराच्या माथ्यावर मात्र अनेक ठिकाणी बेसाल्टाचे थर पसरलेले असून त्यांच्या झिजलेल्या कडांमुळे घाट निर्माण झाले आहेत.

नद्यांची दिशा हे या मार्गांचे दुसरे वैशिष्ट्य. कन्हान व पेंच या नद्या छिंदवाडा पठारावर उगम पावून दक्षिणेकडे नागपूर जिल्ह्यात उतरतात व कामठीजवळ एकत्र येतात. त्यामुळे नागपूरहून निघालेला प्रवासी प्रवाहाच्या उलट दिशेने जात असतो व परतताना नदीबरोबर उतरतो. नदीने कोरलेल्या खिंडी आणि खोरी हीच पठारावर चढण्याची सोयीची वाट असल्याने रस्ता, लोहमार्ग आणि वन्य प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्याच अरुंद पट्ट्यांत एकत्र आल्या आहेत. या मार्गांचे सौंदर्य व त्यांच्यावरील अडचणी या दोहोंचे मूळ येथेच आहे.

प्रमुख मार्ग : (१) छिंदवाडा मार्ग : नागपूर–सावनेर–सौंसर–रामाकोना–उमरानाला–छिंदवाडा. सावनेरपर्यंतच्या टप्प्यात कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे आणि कोळशाच्या खाणी असल्यामुळे मालमोटारींची वर्दळ व धूळ अधिक असते. सावनेरनंतर संत्र्यांच्या बागा व कापसाची शेते लागतात. रामाकोना परिसरात कन्हान नदी भेटते आणि तेथून पुढे सिल्लेवानी घाटाची चढण आहे. दाट सागवनातून वळणे घेत जाणारा हा घाट नागपूरच्या सायकलस्वारांना डोंगरी चढाईचा सराव देणारा जवळचा घाट आहे.

(२) सिवनी मार्ग : नागपूर–कामठी–मनसर–देवलापार–खवासा–कुरई–सिवनी. काश्मीर व कन्याकुमारी यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ चा (पूर्वीचा क्र. ७) हा भाग आहे. मनसरहून थोडी वाट वाकडी केल्यास रामटेक व खिंडसी तलाव लागतात. मनसरनंतर पेंच व्याघ्र प्रकल्पालगतचे वनक्षेत्र सुरू होते. राज्याची सीमा खवाशाजवळ असून कुरई घाट चढल्यावर पठार लागते. सिवनीच्या अलीकडे गोपालगंजजवळील मुंडारा येथे वैनगंगेचा उगम आहे.

(३) मुलताई मार्ग : नागपूर–सावनेर–पांढुर्णा–मुलताई. येथील चढ एकाच घाटात न येता टप्प्याटप्प्याने येतो. मुलताई हे तापी नदीचे उगमस्थान असून वर्धा नदीही याच परिसरात उगम पावते. तापीचे पाणी अरबी समुद्रास, तर वर्धेचे पाणी पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते. दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्यांचा हा जलविभाजक सायकलवरून एका दिवसात गाठता येतो.

(४) अंभोरा मार्ग : नागपूरच्या आग्नेयीस कुही तालुक्यातून वैनगंगा व कन्हान यांच्या संगमावरील अंभोरा या तीर्थक्षेत्री जाणारा हा मार्ग सु. ७० कि.मी. लांबीचा व बहुतांशी सपाट आहे. येथे चैतन्येश्वराचे मंदिर असून गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर बांधलेला, तारांनी तोललेला पूल २०२४ मध्ये खुला झाला. वैनगंगा सिवनीजवळ उगम पावून मोठा वळसा घेत येथपर्यंत येते. म्हणून सिवनी व अंभोरा हे दोन मार्ग एकाच नदीची आरंभीची व प्रौढ अशी दोन रूपे दाखवितात.

पहिले दोन मार्ग छिंदवाडा–चौरई–सिवनी या सु. ७० कि.मी.च्या रस्त्याने जोडल्यास पेंच खोऱ्याला वेढणारा सु. ३२५ कि.मी.चा वलयाकृती मार्ग तयार होतो. सर्वसाधारण प्रवाशास त्याला तीन दिवस पुरतात.

चढाचे गणित : सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची शक्ती मुख्यतः हवेच्या विरोधावर खर्च होते, चढावर ती गुरुत्वाकर्षणावर खर्च होते. स्वार व सायकल मिळून ८५ किग्रॅ. वजन धरल्यास सपाटीवर ताशी २० कि.मी. वेगासाठी सु. ८० वॉट शक्ती लागते. वीस मीटरांस एक मीटर अशा चढावर त्याच्या निम्म्या, म्हणजे ताशी १० कि.मी. वेगासाठी केवळ वजन वर नेण्यास सु. ११५ वॉट लागतात. डोंगराळ प्रदेशातील रस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत सामान्यतः हाच, वीसास एक, चढ धरलेला आहे. यावरून सामान जितके कमी व दात्यांची जोडणी जितकी हलकी, तितका घाट सुकर होतो, हे ध्यानी येते. उतारावर वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते व थांबण्यास त्या प्रमाणात अधिक अंतर लागते. म्हणून वळणापूर्वीच वेग आवरणे इष्ट असते.

ऋतुमान : ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ प्रवासास सर्वांत अनुकूल होय. उन्हाळ्यात नागपूरचे तापमान ४५° से.च्या वर जाते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९° से. नोंदले गेले. अशा दिवसांत पहाटेचे काही तास सोडल्यास सायकल चालविणे धोक्याचे असते. पावसाळ्यात घाट हिरवे व ओढे वाहते असले, तरी कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे पेंच व कन्हान या नद्यांना मोठा पूर येऊन काठावरील गावांचे नुकसान झाले. पुलावरून पाणी वाहत असता, ते उथळ दिसले तरी, सायकल घालणे प्राणघातक ठरू शकते.

वाहतूक व वन्यजीव : दोन पदरी जुन्या रस्त्यांवर वाहने हळू चालत व सायकलस्वारास त्यांच्यात सामावून जाता येई. चौपदरीकरणाने रस्त्याचा पृष्ठभाग सुधारला, परंतु वाहनांचा वेग वाढला. जेथे साइडपट्टी रुंद व स्वच्छ आहे तेथे सायकलस्वार पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे. जेथे ती पुलाजवळ वा घाटात अकस्मात संपते तेथे तो थेट भरधाव वाहनांच्या वाटेत येतो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गासारख्या द्रुतगती मार्गावर तर सायकलींना प्रवेशच नाही.

पेंचलगतच्या रस्त्यावर या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. महामार्ग क्र. ४४ च्या रुंदीकरणाने पेंच व कान्हा या वनक्षेत्रांना जोडणारी वन्य प्राण्यांची वाट तुटण्याची भीती होती. म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीतील सु. १६ कि.मी.च्या टप्प्यात रस्ता नऊ ठिकाणी उंच उचलून त्याखालून प्राण्यांसाठी वाट ठेवण्यात आली. त्यांपैकी सर्वांत लांब बांधकाम ७५० मी.चे आहे. २०१९ मध्ये केलेल्या छायाचित्रण-नोंदींत वाघासह अठरा जातींचे वन्य प्राणी या वाटा वापरताना आढळले. हे उपाय प्राणी व मोटारी यांची टक्कर टाळतात. परंतु सायकलस्वार मोटारीच्या पेट्यात बंदिस्त नसतो. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर अरण्याचे टप्पे टाळणे, रस्त्याखाली न उतरणे व खाद्यपदार्थ न टाकणे हे नियम म्हणूनच अपरिहार्य होत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही.

क्रीडाक्षेत्रातील स्थान : डोंगरी चढाईला सायकलशर्यतीत विशेष महत्त्व आहे. फ्रान्सच्या परिक्रमेत (तूर द फ्रान्स) १९१० साली पिरेनीज पर्वतातील उंच खिंडींचा समावेश झाल्यावर ते अधिकच वाढले. महाराष्ट्रात मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची परंपरा आहे. नागपूर परिसरात शर्यतीपेक्षा दीर्घ पल्ल्याच्या, वेळेच्या मर्यादेत पूर्ण करावयाच्या ‘ब्रेव्हे’ प्रकारास अधिक अनुयायी लाभले. त्यात २००, ३००, ४०० व ६०० कि.मी. अंतरांस अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ व ४० तासांची मर्यादा असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका ओलांडणारी सु. ४,८०० कि.मी.ची शर्यत एकट्याने व २०१८ मध्ये सायबीरियातील सु. ९,१०० कि.मी.ची शर्यत पूर्ण केली.

भवितव्य : यूरोपात डॅन्यूब नदीच्या काठी जर्मनीतील पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत सायकलींचा सलग मार्ग आहे व काठावरील लहान गावांना त्यापासून उत्पन्न मिळते. कन्हान व पेंच खोऱ्यांत असा स्वतंत्र मार्ग नाही. तथापि पारशिवनी, रामटेक व सौंसर परिसरातील कमी वर्दळीचे जिल्हा रस्ते फलक, पिण्याचे पाणी व मुक्कामाची सोय यांनी जोडल्यास महामार्गांवरील पुष्कळसा धोका टाळता येण्याजोगा आहे. महामार्गांच्या साइडपट्ट्या घाटात व पुलांवर सलग ठेवणे, ही त्याआधीची व अल्प खर्चाची गरज होय. दूधवाले, शेतमजूर व शाळकरी मुले हे या रस्त्यांवरील नित्याचे सायकलस्वार असल्याने अशा सुधारणेचा पहिला लाभ त्यांनाच होईल.