ताण, तोडगे आणि पाठकोरे कागद

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आमचे अधूनमधून जाणे होते. माजिवड्याहून निघालेला हा रस्ता मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असे एकेकाळचे पाडे आणि गावे मागे टाकत गायमुखच्या घाटातून घोडबंदरला जातो. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या पट्टीतून गुजरातकडे जाणारे कंटेनर, कामावर निघालेली माणसे आणि शाळेच्या बसगाड्या यांना एकाच रस्त्याने जावे लागते. २०१८ मध्ये मेट्रो-४ चे काम सुरू झाल्यावर त्यात आणखी भर पडली. त्यामुळे या शाळेच्या शिक्षक-खोलीत 'नमस्कार'च्या ऐवजी 'आज किती वेळ लागला?' असेच विचारले जाते.

एकदा तेथे गणिताच्या बाईंनी आम्हांला सांगितले, की त्यांनी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. नोकरीला पंधरा वर्षे झालेली, शिकवण्यात हातखंडा. "शिकवणं जड नाही हो, पोचणं जड झालंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या तासाला फळ्यासमोर उभी राहते तेव्हा अर्धी शक्ती संपलेली असते. मग एखाद्या मुलावर उगाच खेकसते आणि दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहतं."

रस्ता रुंद करणे ना त्यांच्या हातात, ना आमच्या. तरीही प्रयोगशाळेत अडचण आली की आम्ही जे करतो, ते येथे करून पाहावे असे वाटले. चार डोकी एकत्र बसवून तोडगे गोळा करायचे, म्हणजेच विचारमंथन किंवा ब्रेनस्टॉर्मिंग. पहिला प्रयत्न साफ फसला. तो का फसला, हे समजून घेण्यासाठी आधी ताणाकडे वळू.

ताण म्हणजे नेमके काय?

१९३६ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशी कारणे वेगवेगळी असली, तरी उंदरांच्या शरीराचा प्रतिसाद मात्र बराचसा सारखा होता. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. त्याआधी वॉल्टर कॅनन यांनी 'लढा किंवा पळा' ही संकटकाळची प्रतिक्रिया वर्णन केलेली होती. संकट दिसताच ॲड्रेनलिन स्रवते, हृदय जोरात धडधडते, स्नायूंकडे रक्त धावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तातील साखर वाढवून इंधनाची सोय करते.

समोर वाघ असेल तर ही तयारी प्राण वाचवते. पण वाघबीळच्या नाक्यावर बसमध्ये अडकलेल्या माणसाला ना लढता येते, ना पळता येते. शरीराची तयारी मात्र तशीच होते, आणि ती रोज होते.

ताण केवळ त्रासाच्या मात्रेवर अवलंबून नसतो, हे जे वाइस यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी उंदरांच्या जोड्यांना विजेचे सौम्य धक्के दिले. जोडीतील एका उंदराला चाक फिरवून धक्का थांबवता येई. त्याने थांबवला की दुसऱ्याचाही थांबे. म्हणजे दोघांना धक्के अगदी सारखेच मिळत. तरीही ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्याच्या जठरात व्रण अधिक आढळले. जी गोष्ट उंदराच्या बाबतीत चाकाने केली, तीच माणसाच्या बाबतीत 'मला काहीतरी करता येते' ही जाणीव करते.

दुसरा मुद्दा अनिश्चिततेचा. गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यूयॉर्क परिसरात आगगाडीने ये-जा करणाऱ्यांचा अभ्यास केला. प्रवास जितका लांब तितके लाळेतील कॉर्टिसॉल अधिक, असे त्यांना २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याआधी, २००२ मधील अभ्यासात, ज्यांना आपला प्रवास बेभरवशाचा वाटे त्यांच्यावर ताण अधिक असल्याचे आढळले होते. वर्गात हे गणिताने दाखवता येईल. एका शिक्षकाला पाचही दिवस ६० मिनिटे लागली. दुसऱ्याला ३५, ४०, ५०, ७५ आणि १०० मिनिटे लागली. बेरीज दोघांची ३०० आणि सरासरी ६०. पण पहिल्याला घरून केव्हा निघायचे ते ठाऊक आहे. दुसऱ्याला रोज सकाळी जुगार खेळावा लागतो. ताण सरासरीत दिसत नाही, तो विचलनात असतो.

विचारमंथनाचे नियम

ॲलेक्स ऑस्बर्न हे न्यूयॉर्कमधील एका मोठ्या जाहिरात संस्थेचे भागीदार. बैठकीत कोणी कल्पना मांडली रे मांडली, की दुसरा तिच्यातील खोट काढतो आणि मग कोणी तोंड उघडत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९४० च्या दशकात आणि पुढे १९५३ च्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकात त्यांनी चार नियम मांडले. कल्पना निघत असताना टीका करायची नाही. जितक्या जास्त कल्पना तितके चांगले. विचित्र कल्पनांचे स्वागत करायचे. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. निवड करायचीच, पण नंतर.

नियम चांगले असले, तरी सर्वांनी एकत्र बसून बोलणे ही पद्धत मात्र कसोटीला पुरती उतरली नाही. १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चौघांच्या गटांची तुलना, एकेकटे बसून विचार केलेल्या चौघांच्या एकत्रित यादीशी केली. पुनरुक्ती वगळल्यावरही एकट्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. १९८७ मध्ये जर्मनीतील डील आणि श्ट्रोबे यांनी याचे मुख्य कारण शोधले. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते. तेवढ्यात मनात आलेले निसटते, किंवा ते धरून ठेवण्याच्या नादात नवे सुचत नाही.

यावर एक साधा उपाय जर्मनीतच बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये सुचवला होता. बोलायचे नाही, लिहायचे. सहा जणांनी प्रत्येकी तीन कल्पना पाच मिनिटांत लिहून कागद शेजाऱ्याकडे द्यायचा. शेजाऱ्याने त्या वाचून आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, ६ × ३ × ६ = १०८ कल्पना होतात.

हे सारे ताणाशी जोडले ते थॉमस डिझुरिला आणि मार्व्हिन गोल्डफ्राइड यांनी. १९७१ मध्ये त्यांनी 'समस्या सोडवणे' हीच एक उपचारपद्धती म्हणून मांडली. समस्या नेमकी ठरवा, टीका न करता पर्याय काढा, त्यांतून निवडा, करून पाहा आणि पडताळा. आपल्याकडेही या वाटेने काम झाले आहे. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने गोवा आणि दिल्ली येथे किशोरवयीनांसाठी असा कार्यक्रम तयार केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतील २५१ विद्यार्थी होते. सर्वांना पुस्तिका दिल्या, आणि निम्म्यांना त्याशिवाय चार-पाच छोट्या भेटी. भेट घेणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते. सहा आठवड्यांनंतर, मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता भेटी मिळालेल्या गटात अधिक कमी झाली. मात्र मानसिक लक्षणांच्या सर्वसाधारण मापनपट्टीवर त्या वेळी लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे ही पद्धत उपयोगाची आहे, पण ती जादू नव्हे.

आमचा पहिला आणि दुसरा प्रयत्न

आता पहिल्या प्रयत्नाकडे. आम्ही मोठ्या उत्साहाने फळ्यावर प्रश्न लिहिला : 'घोडबंदरच्या कोंडीवर उपाय काय?' मुख्याध्यापिका बाई पहिल्या बाकावर होत्या. एका तरुण सरांनी सुचवले, "पहिला तास दहा मिनिटं उशिरा सुरू करू." "ते नियमात बसत नाही," असे उत्तर तत्काळ आले. मग पुढची वीस मिनिटे सगळे जण रस्त्यावरच बोलले आणि अधिक वैतागून घरी गेले. चूक आमची होती. टीका आम्ही थांबवली नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रश्नच असा निवडला, की त्याचे उत्तर त्या खोलीतील कोणाच्याही हाती नव्हते.

महिन्याभराने पुन्हा बसलो. या वेळी सहा शिक्षक आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. प्रश्न बदलला : 'पहिल्या तासाला वर्गात शिरताना आपले डोके शांत असावे, यासाठी काय काय करता येईल?' अर्धा तास कोणी बोलले नाही, फक्त कागद फिरले. शेवटी पुनरुक्ती गाळून चाळीसच्या आसपास वेगळे तोडगे उरले.

त्यांत 'खाडीतून होडीने येऊ' असाही एक होता. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'होडी नको, पण सगळे एकाच गाडीत येऊ' आणि तिसऱ्यात 'आणि अर्धा तास लवकर निघून चहा शाळेत घेऊ' असे लिहिलेले होते. ऑस्बर्न यांचा चौथा नियम आमच्या डोळ्यांसमोर घडत होता. नंतर कागदांचे तीन गठ्ठे केले : आपल्या हातातले, कोणाला तरी विचारून होण्याजोगे आणि हाताबाहेरचे. पहिल्यात एकत्र लवकर येणे. दुसऱ्यात वेळापत्रक बदलून पहिला तास शक्यतो जवळ राहणाऱ्यांना देणे, आणि शिक्षक पोचेपर्यंत वर्गात मूक वाचन ठेवणे. मुख्याध्यापिका बाईंनी यांतील दोन गोष्टी महिनाभर करून पाहण्यास मान्यता दिली. हाताबाहेरच्या गठ्ठ्यासाठी तोडगा नसतो. तेथे दीर्घ श्वास, गाणी किंवा गप्पा असे मनाला सांभाळणारे उपायच कामाला येतात. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये हाच भेद मांडला : काही उपाय समस्येला हात घालतात, तर काही भावनेला. दोन्ही लागतात, फक्त त्यांची अदलाबदल होऊ नये.

सुरुवातीलाच आम्ही प्रत्येकाला एका निनावी चिठ्ठीवर 'मला ताण कशाचा?' हे लिहून खडूच्या डब्यात टाकायला सांगितले होते. घरी येऊन त्या वाचल्या. एक चिठ्ठी, मजकुरात थोडा बदल करून, अशी : 'सासूबाई अंथरुणावर आहेत. बसमधला तास हाच माझा एकटीचा वेळ. तो कमी करू नका.'

आम्ही बराच वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसलो. ज्याला आम्ही सर्वांची समस्या धरून चाललो होतो, तोच कोणाचा तरी विसावा होता. हस्ताक्षर ओळखायचा प्रयत्न आम्ही केला नाही. पुढच्या बैठकीत एवढेच सांगितले, की एकत्र गाडीची सक्ती कोणावरही नसेल आणि पुढचा प्रश्न 'घरच्या आजारपणात शाळा काय मदत करू शकेल?' हा असेल. समस्या ज्याची, त्यानेच ती ठरवायची, ही डिझुरिला आणि गोल्डफ्राइड यांची पहिली पायरी आम्हांला पुस्तकापेक्षा त्या चिठ्ठीने अधिक शिकवली.

वर्गात करून पाहताना

नववी-दहावीच्या मुलांबरोबर हा प्रयोग एका तासिकेत होतो. काही पथ्ये मात्र पाळावीत. कोणा एका मुलाची खरी अडचण सर्वांसमोर घेऊ नये. 'चाचणीच्या आदल्या रात्री झोप न येणारा एक विद्यार्थी' असे काल्पनिक उदाहरण घ्यावे. प्रश्न 'काय काय करता येईल?' असाच विचारावा. आधी लिहावे, मग बोलावे. शेवटी प्रत्येकाने एकच तोडगा निवडून आठवडाभर करावा आणि पडताळावा. तो फसला तर दुसरा घ्यावा, कारण यादी हाताशी असतेच.

आणि मर्यादा विसरू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे झाल्याची भाषा, अशी लक्षणे दिसली तर कागद बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जावे. जिवाविषयीचे बोलणे कानी आले तर एक दिवसही थांबू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि मराठीतूनही बोलता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्थाही याच क्षेत्रात काम करते.

गणिताच्या बाई अजून त्याच शाळेत आहेत. रस्ता आहे तसाच आहे. पण आठवड्यातून चार दिवस त्या घंटेच्या आधी पोचतात आणि पाचव्या दिवशी उशीर झाला, तरी वर्ग वाचत बसलेला असतो, हे त्यांना ठाऊक असते. उंदराच्या पायाखालचे चाक यापेक्षा मोठे नव्हते.

आपल्या शाळेत हा प्रयोग केलात, तर कोणता प्रश्न निवडला आणि कोणते तोडगे टिकले, ते आम्हांला अवश्य कळवा. फसलेले प्रयोगही कळवा, त्यांतूनच पुढचा प्रश्न नीट विचारता येतो.