चादरीवर गोळे का येतात?

आळंद, बसवकल्याण, भालकीकडच्या घरांत सोलापुरी चादर असतेच. सुती चादर वर्षानुवर्षं धुऊन विरते, पण तिच्यावर गोळे फारसे टिकत नाहीत. पॉलिस्टर मिसळलेल्या चादरीवर मात्र काही महिन्यांतच बारीक गोळे धरतात. स्वस्त माल म्हणून आपण नाक मुरडतो. पण खरी गोम सुतात आहे.

सूत म्हणजे आखूड तंतूंना दिलेला पीळ. काही तंतूंची टोकं त्यातून बाहेर डोकावतात. अंगाखाली घासलं की ही टोकं न विंचरलेल्या केसांच्या जटेसारखी एकमेकांत अडकतात. झाला गोळा. कापूस आखूड धाग्याचा असेल तर टोकं जास्त. पीळ सैल असेल तर ती सहज निसटतात. घट्ट पिळाचं, दुपदरी सूत त्यांना दाबून धरतं. वीणही मोजावी लागते: आडवे-उभे धागे वरचेवर एकमेकांत गुंतलेले असतील तर तंतू हलायला जागाच उरत नाही.

मग कापसाचे गोळे जातात कुठे? कापसाचा तंतू त्यामानाने कच्चा, म्हणून गोळा झिजून गळून पडतो. पॉलिस्टरचा चिवट तंतू तुटत नाही आणि गोळा लोंबकळत राहतो. म्हणजे इथे मजबुतीच नडते!

दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं पाहा. जाड, ताठ तंतू सहज वळत नाहीत, त्यामुळे गोळे कमी. टोचतं मात्र भरपूर.

गिरण्यांत गोळ्यांवर जालीम उपाय आहे: कापड वेगाने गॅसच्या ज्योतीवरून नेतात आणि वर आलेली टोकं जाळून टाकतात.