चुकीचा पासवर्ड किती वेळा चालवून घ्यायचा?



एटीएमवर पिन लागोपाठ तीनदा चुकला की कार्ड ब्लॉक होतं. आपली चिडचिड होते, पण त्यामुळेच चोराला अंदाज लावत बसता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथेही चोर पिन ओळखत बसले नाहीत. मालवेअर वापरून त्यांनी परवानगी देणारी यंत्रणाच चुकवली. तीही ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना.

आता तुमच्या ऑफिसकडे बघा. अकाउंटंट घरून काम करतो म्हणून बिलिंगच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप चालू ठेवलाय. इथे एवढी खटपट लागतच नाही. तुम्ही झोपलेले असता तेव्हा एखादा प्रोग्रॅम रात्रभर पासवर्ड टाकत राहतो.

उपाय फुकट आहे. विंडोज प्रोमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' उघडा, 'अकाउंट पॉलिसीज'मध्ये 'अकाउंट लॉकआउट पॉलिसी' दिसेल. तिथे तीन गोष्टी ठरवा:

१. किती चुकांनंतर लॉक: १०
२. लॉक किती वेळ: १० मिनिटं
३. चुकांची मोजणी किती वेळाने शून्यावर: १० मिनिटं

ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटलाही लॉक लागू करण्याचा पर्याय तिथेच दिसला, तर तोही चालू करा.

आता हिशोब करू. १० मिनिटांत १० प्रयत्न, म्हणजे दिवसाला १,४४०. चार आकडी पासवर्डच्या १०,००० शक्यता सात दिवसांत संपतात! पण कशीही उचललेली सहा छोटी इंग्रजी अक्षरं असतील, तर सगळ्या शक्यता तपासायला ५८७ वर्षं लागतील. म्हणजे कुलूप हवं, आणि किल्लीही चांगली हवी. दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असेल, तर चोर पहिल्या दहातच आत येईल. पासवर्ड निदान १२ अक्षरांचा ठेवा.

"मग तीन चुकांतच लॉक करू की!" असं वाटेल. नको. बिलाची घाई असताना तुमचाच माणूस बाहेर अडकेल. शिवाय कुणी मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून तुमचं काम बंद पाडू शकतो.

चोराची एक युक्तीही लक्षात ठेवा. एकच सोपा पासवर्ड तो सगळ्या स्टाफच्या अकाउंटवर एकेकदा टाकून बघतो. त्यात एकही अकाउंट लॉक होत नाही. म्हणून ओटीपीची दुसरी पायरी जिथे मिळेल तिथे चालू करा. काम सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंटही त्याच दिवशी बंद करा.

आजचा गृहपाठ: दुकान बंद करण्याआधी ही सेटिंग करून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, उद्यावर ढकलू नका!