कसं काढलंस?

सकाळी साडेआठ

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळच्या आमच्या महापालिका शाळेत या वेळेला शिपाईमामा सोडले तर कुणी नसतं. वर्ग उघडून मी कालच्या वह्या पुढ्यात घेते. त्या तपासून झालेल्या असतात. मला हवी असतात ती चुकलेली उत्तरं. ती एका कागदावर उतरवते आणि त्यांच्यात काही संगती दिसते का ते पाहते. बहुतेक वेळा दिसतेच. काल तिसरीला संख्यालेखनाची उजळणी घेतली. पंचवीस म्हटल्यावर काहींनी 52 लिहिलंय. एकोणतीसला कुणी 31, कुणी 39. फुली मारून वही परत केली तर मुलाला एवढंच कळतं की आपलं चुकलं. का चुकलं, हे त्यालाही कळत नाही आणि मलाही.

सव्वानऊ

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, हजेरी. पावसाळ्यात टेकडीवरच्या वसाहतीच्या वरच्या गल्ल्यांतली मुलं उशिरा पोचतात, पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात. म्हणून सुरुवातीला गोष्ट सांगते. गणिताला सगळे हजर हवेत.

पावणेदहा

फळ्यावर काही लिहीत नाही. 52 लिहिणाऱ्या मुलीला जवळ बोलावते. "पंचवीस कसं लिहिलंस, मला सांग बरं."

ती बोटाने हवेत गिरवत सांगते, "आधी पंच, म्हणून पाच. मग वीसचा दोन."

किती सरळ आहे हे! कानावर जे आधी पडलं, ते तिने आधी लिहिलं. आपण मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर. लिहिताना मात्र दशक डावीकडे. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्याकडेही एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात. एकोणतीस तर आणखी अवघड. ऐकू येतात एक आणि तीस, लिहायचे असतात दोन आणि नऊ.

माझ्या वर्गात कलबुर्गीकडच्या एका बिगाऱ्याचा मुलगा आहे. घरी कानडी बोलतात. मराठी वाचताना तो अडखळतो, म्हणून मागच्या रांगेत बसतो, तोंड उघडत नाही. त्याला विचारलं, "तुमच्यात पंचवीसला काय म्हणतात रे?"

"इप्पत्तैदु."

"फोड करून सांग."

"इप्पत्तु म्हणजे वीस. ऐदु, पाच."

क्षणभराने पुढच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ह्याचं तर लिहितात तस्संच आहे!" मग सगळ्यांनाच कानडी संख्या हव्या झाल्या. मूवत्तैदु म्हणजे पस्तीस, हे तो पुढे येऊन सांगू लागला. वर्गाला काही शिकवण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. आपलं कुणी ऐकतंय हे कळल्याशिवाय मूल प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न विचारल्याशिवाय ते पुढे जात नाही, असं माझं ठाम मत आहे. घरची भाषा वर्गाबाहेर ठेवायला लावली की त्या मुलाला जे येतं तेच आपण बाहेर ठेवतो.

त्यानंतर खराट्याचे हीर काढले. दहादहाचे गठ्ठे रबराने बांधलेले, बाकीचे सुटे. 52 लिहिणाऱ्या मुलीने दोन गठ्ठे आणि पाच हीर मांडले. "यातले वीस कुठले?" तिने गठ्ठ्यांवर हात ठेवला. "मग गठ्ठ्यांचा आकडा कुठे लिहायचा?" ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली, मग खोडरबर मागून घेतलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हे शिकवण्यातलं सगळ्यात कठीण काम आहे.

साडेदहा

छोट्या सुट्टीत चहाबरोबर हाच विषय निघाला. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीससोबत 'वीस पाच' असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेपर्यंत विषय गेला, भाषा बुडाली म्हणून टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत; जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलं अडतात, त्यांना एक सोपी पायरी दिली आहे. 2023 मध्ये त्या गेल्या. टीका करणाऱ्यांपैकी किती जण टीकेआधी एखाद्या दुसरीच्या वर्गात जाऊन बसले होते, असं मला त्या गदारोळातही वाटलं होतं. मुलगी 'आधी पंच, म्हणून पाच' म्हणते तेव्हा नारळीकरबाईंचं म्हणणं डोळ्यांसमोर उभं राहतं.

साडेअकरा

वजाबाकी. 42 उणे 17. एका मुलाचं उत्तर 35. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे तो पहिलीपासून ऐकत आलाय आणि इमानाने पाळतोय.

याची आई मंडईबाहेर लिंबं विकते आणि हा संध्याकाळी तिच्याजवळ बसतो. वही मिटायला लावली. "तुझ्याकडे बेचाळीस रुपये आहेत. सतरा दिलेस. उरले किती?"

"पंचवीस." लगेच.

"कसं काढलंस?"

"सतराला तीन दिले की वीस. विसाला वीस दिले की चाळीस. वरचे दोन. तीन, वीस, दोन."

गिऱ्हाइकाला सुट्टे परत देताना हात जसा चालतो, तसाच त्याचा हिशेब चालला. वहीत मात्र त्याला यातलं काही आठवलं नाही. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या अशाच मुलांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. बाजारात अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीची उदाहरणं मांडली की अडतात, आणि शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबाला अडतात, असं त्यांना दिसलं. शाळा आणि बाजार यांच्यात पूल बांधायचा तर तो वर्गातच बांधावा लागणार. त्याची पद्धत मी फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहिली. खाली उभी मांडणीही लिहिली आणि विचारलं, "दोन्हींत काय वेगळं झालं?" उत्तर आज आलं नाही. येऊ दे उद्या.

एक

पोषण आहाराचे डबे आले. खिचडी वाढणं, हात धुणं, सांडलेलं पुसणं.

दोन

भाषेचा तास. इयत्ता एकच असली तरी वाचनाच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत: कुणी अक्षरावर, कुणी शब्दावर, कुणी उताऱ्यावर, कुणी गोष्टीवर. इयत्ता बाजूला ठेवून मुलांना येतं तिथून गट पाडायचे, ही 'प्रथम' संस्थेची पद्धत मी वापरते. गोष्ट वाचणारी मुलं शब्दवाल्यांना बरोबर घेऊन बसतात. गट दर महिन्याला मोडते, नाहीतर 'आपण कच्चे' ही पाटी मुलाच्या गळ्यात कायमची पडते.

पावणेचार

शेजारच्या वर्गातल्या नव्या शिक्षिका फरशीवर वर्तुळं आणि संख्यारेषा रंगवत होत्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांतून ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीचा, प्रसार झाला, राज्यभरातले शिक्षक तिथे बघायला जाऊ लागले, तेव्हापासून अशा फरश्या गावोगावी दिसतात. छान दिसतात. मी त्यांना एवढंच म्हटलं की रंग वाळेपर्यंत ठरवून ठेवा, या रेषेवर मूल उभं राहिल्यावर त्याला काय विचारणार. अर्धा तास त्यावरच बोलत बसलो आणि रंगकाम राहूनच गेलं.

पाच

फाटकाशी 52 वालीची आई भेटली. धुण्याभांड्याच्या कामावरून परस्पर आलेली. "बाई, घरी आम्ही पंचवीस म्हणायचं का वीस पाच?"

"दोन्ही म्हणा ताई. पण तिला विचारा, यात दहाचे गठ्ठे किती? आणि तिने सांगितलं की विचारा, तुला कसं कळलं?"

"मला कुठं येतंय गणित."

"तुम्हाला यायला नको. तिला सांगता आलं पाहिजे."

रात्री नऊ

उद्याची टिपणं. वजाबाकीसाठी पुठ्ठ्याच्या नोटा कापल्या, दहाच्या आणि एकच्या. 42 रुपयांत एकच्या नोटा दोनच, आणि द्यायचेत 17. दहाची मोडायची का, किती मोडायच्या, कुणाकडून, हे मुलांनीच ठरवायचंय. लिंबंवाल्याला गल्ल्यावर बसवते. कानडी मुलाला त्याच्या शेजारी. नोटा मोजताना दोघं कोणत्या भाषेत मोजतात ते ऐकायचंय.