कुरूप राजकन्येचा विवाह



मी शिक्षक असतां शाळेच्या स्नेहसंमेलनाचें नाटक बसवीत असें. एके वर्षी स्थूल बांध्याची एक हुशार मुलगी राजकन्येचें काम मागावयास आली. तिचें पाठांतर सर्वांत चोख होतें. तरी मीं तिला राक्षसीचें काम दिलें. तिनें तें उत्तम वठविलें, टाळ्याही मिळविल्या, आणि पुन्हां नाटकाकडे फिरकली नाहीं. त्याचें कारण मला फार उशिरा उमगलें. आजचा विषय त्यावरूनच सुचला.

अद्भुतरम्य प्रेमकथांत वाटेल तें घडूं शकतें. झाडें बोलतात, पर्वत उडतात. मात्र नायक-नायिकेचा देह सुडौलच असावा, हा नियम मोडण्याचें धाडस तेथें कल्पनेलाही क्वचितच होतें.

रूपाला महत्त्व देऊं नये असें शिकविणाऱ्या कथांचा शेवटही पाहण्याजोगा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवि चॉसर यानें लिहिलेल्या एका कथेंत एका सरदारास विद्रूप वृद्धेशीं विवाह करावा लागतो. तो तिच्या इच्छेस मान देतो, आणि ती तत्काळ तरुण सुंदरी होते. ‘सुंदरी आणि पशु’ ही कथा फ्रान्समध्यें १७४० सालीं मादाम द विल्नव्ह यांनीं विस्तारानें लिहिली व १७५६ सालीं मादाम द बोमाँ यांनीं ती संक्षिप्त केली. तींतही प्रेम लाभतांच पशूचा देखणा राजपुत्र होतो. रूपाकडे पाहूं नका म्हणावयाचें, आणि बक्षीस म्हणून रूपच द्यावयाचें, ही विसंगति नव्हे काय?

अमेरिकेंतील विल्यम स्टाइग यांच्या ‘श्रेक’ या १९९० सालच्या सचित्र बालकथेनें ही चाल मोडली. कुरूप श्रेकला तशीच कुरूप राजकन्या भेटते. दोघें परस्परांवर लुब्ध होतात व विवाह करतात. कोणाचेंही रूप पालटत नाहीं. या कथेवरून २००१ सालीं निघालेल्या चित्रपटांत फियोना ही राजकन्या दिवसा सडपातळ मानवी, तर रात्रीं स्थूल, हिरवें राक्षसी रूप धारण करते. प्रेमाच्या चुंबनानें तिला प्रेमाचें खरें रूप मिळावयाचें असतें. मिळतें तें राक्षसी रूप, आणि श्रेकला तीच सुंदर दिसते.

तरी एक उणीव राहतेच. स्थूल नायिकेस प्रेम मिळालें, पण त्यासाठीं तिला राक्षसीचाच वेष कां घ्यावा लागावा? माझ्या नाटकांत तरी निराळें काय झालें होतें?

कोणी म्हणेल, स्थूलपणाचें कौतुक केल्यास आरोग्याकडे दुर्लक्ष होईल. आरोग्याचा सल्ला वैद्यानें अवश्य द्यावा; परंतु प्रेमास पात्र कोण, हें वजनकांट्यानें ठरवावयाचें नसतें. शिवाय हिणवल्यानें कोणाची प्रकृति सुधारत नाहीं. हिणवलेलें मूल चारचौघांत येण्याचेंच टाळतें.

म्हणून घरीं गोष्ट सांगतांना राजकन्या ‘नाजूक’ होती, हा शब्द एकदां गाळून पाहावा. ऐकणारी मुलगी आपल्या मनानें तिला हवा तो देह देईल. कदाचित् स्वतःचाच देईल.